परदेशातून येणाऱ्या पैशाचा पत्ता : स्विफ्ट कोड व आयएफएससी कोड समजून घेताना



परदेशी नोकरीस असलेल्या मुलीचा दूरध्वनी येतो : "आई, तुझ्या खात्यावर पैसे पाठवते आहे. बँकेचा स्विफ्ट कोड लवकर कळव." आणि घरात शोधाशोध सुरू होते. पासबुकाच्या पहिल्या पानावर खाते क्रमांक सापडतो, ग्राहक क्रमांक सापडतो, आयएफएससी कोड सापडतो, एमआयसीआर कोडही सापडतो. परंतु स्विफ्ट कोड मात्र कोठेच दिसत नाही. मग शेजारचा कोणी जाणता तरुण सांगतो, "आयएफएससीच द्या, चालतो." दुसरा म्हणतो, "इंटरनेटवर पाहून मुंबईचा देऊन टाका." घाईघाईने काहीतरी कळविले जाते आणि पैसे निघतात. ते ठरल्या वेळी पोहोचले तर प्रश्नच नाही. परंतु ते वाटेत कोठे अडकले आणि त्याच वेळी घरात कोणाची शस्त्रक्रिया ठरलेली असेल किंवा महाविद्यालयाचे शुल्क भरण्याचा अखेरचा दिवस असेल, तर त्या अकरा अक्षरांचे मोल काय असते ते त्या कुटुंबालाच कळते.

धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातील सोनारी हे श्री काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे सर्वदूर ठाऊक असलेले गाव. अशा गावांतूनही आता परदेशाशी पैशाचा संबंध येऊ लागला आहे. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२३-२४ या वर्षी देशात परदेशातून आलेल्या वैयक्तिक रकमांपैकी २०.५ टक्के वाटा एकट्या महाराष्ट्राचा होता; केरळचा वाटा १९.७ टक्के होता. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२४ साली भारतात अशा प्रकारे सुमारे १२९ अब्ज डॉलर आले. एवढा मोठा ओघ ज्या सांकेतिक अक्षरांच्या आधारे योग्य दारी पोहोचतो, ती अक्षरे काय सांगतात, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेणे आवश्यक झाले आहे. त्यासाठीच हा लेखनप्रपंच.

पैसा जात नाही, निरोप जातो

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करू या. परदेशातून पैसे 'येतात' असे आपण म्हणतो, परंतु प्रत्यक्षात नोटा किंवा नाणी कोठेही प्रवास करीत नाहीत. एक बँक दुसऱ्या बँकेला निरोप धाडते : "आमच्या ग्राहकाने एवढी रक्कम भरली आहे, ती आमच्या हिशेबी धरून तुमच्या अमुक ग्राहकाच्या खात्यात जमा करावी." पुढे त्या दोन बँका आपापसातील हिशेब पुरा करतात.

ही कल्पना आपल्या भागाला नवीन नाही. पूर्वी सोनारी, परंडा, भूम हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तर जवळचीच बार्शी ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात होती. इकडे संस्थानचा 'हाली' रुपया चाले, तर तिकडे ब्रिटिशांचा 'कलदार'. सात हाली रुपये म्हणजे साधारणपणे सहा कलदार, असा त्यांचा भाव असे. माल विकून शेजारच्या पेठेतून घरी परतणाऱ्या शेतकऱ्यालाही बट्ट्याचा हिशेब करावा लागे. आज ज्याला आपण परकीय चलनाचा व्यवहार म्हणतो, तो आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी एका दिवसाच्या बैलगाडीच्या वाटेवर घडत होता.

त्याच काळी दूरच्या पेठेत पैसे पोहोचविण्यासाठी हुंडी असे. एका गावचा सराफ दुसऱ्या गावच्या सराफाच्या नावे चिठ्ठी लिहून देई. ती चिठ्ठी दाखविली की तेथील सराफ रक्कम चुकती करी. रोकड जागची हलत नसे; हलत असे तो केवळ शब्द. ज्याच्यावर हुंडी लिहिली त्या पेढीचे नाव आणि पेठ चुकली, तर मात्र त्या चिठ्ठीचा काही उपयोग नसे. स्विफ्ट कोड म्हणजे आजच्या हुंडीवरील पेढीचे नाव व पेठ होय, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

स्विफ्ट म्हणजे काय?

एकोणिसशे सत्तरच्या दशकापर्यंत बँका असे निरोप तारयंत्राने, म्हणजे टेलेक्सने पाठवीत. प्रत्येक बँकेची भाषा निराळी, रचना निराळी. त्यामुळे चुका होत आणि वेळही लागे. यावर उपाय म्हणून १९७३ साली १५ देशांतील २३९ बँकांनी एकत्र येऊन बेल्जियममध्ये एक सहकारी संस्था स्थापन केली. 'सोसायटी फॉर वर्ल्डवाइड इंटरबँक फायनान्शिअल टेलिकम्युनिकेशन' या तिच्या लांबलचक नावाचे संक्षिप्त रूप म्हणजे 'स्विफ्ट'. १९७७ साली तिचे संदेशवहन सुरू झाले. भारतातील बँका १९९१ च्या अखेरीस या जाळ्याशी जोडल्या गेल्या. आज २०० हून अधिक देशांतील ११ हजारांहून अधिक वित्तसंस्था या जाळ्यात आहेत.

ही संस्था स्वतः कोणाचेही पैसे ठेवीत नाही आणि पाठवीतही नाही. ती केवळ निरोपांची सुरक्षित ने-आण करते. त्या निरोपाच्या पाकिटावर जो पत्ता असतो तोच 'स्विफ्ट कोड'. याचेच दुसरे नाव 'बीआयसी', म्हणजे बँक ओळखणारा संकेतांक. परदेशातील अर्जावर कोठे 'स्विफ्ट' असे लिहिलेले असते, तर कोठे 'बीआयसी'. दोन्ही एकच आहेत.

अक्षरांची फोड

स्विफ्ट कोड आठ किंवा अकरा अक्षरांचा असतो आणि तो इंग्रजी मोठ्या लिपीत लिहिला जातो. त्याचे चार भाग पडतात. पहिली चार अक्षरे बँकेची, पुढील दोन देशाची, त्यापुढील दोन ठिकाणाची आणि अखेरची तीन शाखेची. ही अखेरची तीन अक्षरे नसतील किंवा त्या जागी 'एक्स एक्स एक्स' असेल, तर तो कोड बँकेच्या मुख्य कार्यालयाचा समजावा.

भारतीय स्टेट बँकेचे उदाहरण घेऊ. 'एस बी आय एन' ही तिची चार अक्षरे. भारतासाठी 'आय एन'. त्यानंतर 'बी बी'. मुंबईसाठी ही दोन अक्षरे बहुतेक भारतीय बँकांच्या कोडात आढळतात. अशी आठ अक्षरे झाली. बँक ऑफ महाराष्ट्रच्या कोडात पहिली चार अक्षरे 'एम ए एच बी' अशी असून पुढील 'आय एन बी बी' तशीच राहतात. एवढी फोड ध्यानात आली, की कोणी कळविलेला कोड आपल्याच बँकेचा आणि भारताचाच आहे किंवा नाही, हे आपण स्वतः पडताळू शकतो. पाचव्या व सहाव्या जागी 'आय एन' नसेल, तर तो कोड भारतातील बँकेचा नव्हे, एवढे निश्चित.

आयएफएससी कोड निराळा

आयएफएससी कोड हा आपल्या देशांतर्गत व्यवहारांसाठी आहे. आरटीजीएस ही पद्धती २००४ साली आणि एनईएफटी ही पद्धती २००५ साली सुरू झाली. देशातील एका शाखेतून दुसऱ्या शाखेत रक्कम पाठविताना कोणती शाखा अभिप्रेत आहे, हे या कोडामुळे कळते. त्यातही अकराच अक्षरे असतात आणि म्हणूनच गोंधळ होतो. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे नेहमी शून्य आणि पुढील सहा शाखेची. हे पाचवे चिन्ह शून्य आहे, इंग्रजी 'ओ' हे अक्षर नव्हे. हाताने लिहिलेल्या कागदावरून कोड उतरविताना येथे हमखास चूक होते.

एकाच शाखेचे दोन्ही कोड शेजारी ठेवून पाहू. भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेचा आयएफएससी कोड 'एस बी आय एन' आणि त्यापुढे '०००० ६९१' असा आहे. त्याच शाखेचा स्विफ्ट कोड 'एस बी आय एन आय एन बी बी' आणि त्यापुढे '१०४' असा आहे. पहिली चार अक्षरे सारखी, पुढे मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या. म्हणून एकाच्या जागी दुसरा लिहून भागत नाही.

पासबुकावरील तिसरा, नऊ अंकी एमआयसीआर कोड हा धनादेश यंत्राने वाचता यावा यासाठी असतो. परदेशातून पैसे येण्याशी त्याचा सहसा संबंध नसतो. ग्राहक क्रमांक हा तर बँकेने आपल्या अंतर्गत सोयीसाठी दिलेला असतो. तो खाते क्रमांक म्हणून कदापि देऊ नये.

मग कोणता कोड द्यावा?

याचे उत्तर पैसे कोणत्या वाटेने येणार यावर अवलंबून आहे. समजा, सोनारीतील एका कुटुंबाची मुलगी कुवेत येथील इस्पितळात परिचारिका आहे. तिच्यापुढे दोन वाटा असतात.

पहिली वाट विनिमयगृहाची, म्हणजे आखाती देशांत गल्लोगल्ली दिसणाऱ्या 'एक्स्चेंज'ची. या संस्थांनी भारतीय बँकांशी रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार करार केलेले असतात आणि त्यांची रुपयांतील खाती भारतातच असतात. मुलगी तेथे दिनार भरते आणि भारतातील त्या खात्यातून रुपये देशांतर्गत पद्धतीने आईच्या खात्यात येतात. येथे बहुधा खाते क्रमांक, नाव आणि आयएफएससी कोड एवढेच पुरते.

दुसरी वाट थेट बँकेकडून बँकेकडे जाणारी. मुलगी आपल्या कुवेतमधील बँक खात्यातून रक्कम पाठविते आणि तिची बँक स्विफ्टद्वारे निरोप धाडते. येथे स्विफ्ट कोड अनिवार्य असतो. या वाटेने आलेली रक्कम आधी आपल्या बँकेच्या परकीय चलन विभागात पोहोचते आणि तेथून आपल्या शाखेतील खात्यात येते. म्हणून स्विफ्ट कोडाबरोबर आयएफएससी कोड आणि शाखेचे नावही कळविणे हिताचे असते.

थोडक्यात सांगायचे तर स्विफ्ट कोड पैशाला आपल्या बँकेच्या वेशीपर्यंत आणतो, आयएफएससी कोड शाखेच्या दारापर्यंत आणतो आणि खाते क्रमांक घरात आणतो. एकाचे काम दुसरा करू शकत नाही.

आमच्या शाखेला स्विफ्ट कोडच नाही!

गावोगावच्या शाखांत ही अडचण हमखास येते. परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या निवडक शाखांनाच स्वतंत्र स्विफ्ट कोड असतो. आपल्या शाखेला तो नसेल, तर घाबरण्याचे कारण नाही. त्याच बँकेच्या मुख्य कार्यालयाचा किंवा बँकेने नेमून दिलेल्या शाखेचा स्विफ्ट कोड द्यावा. तो कोणता, हे आपल्या शाखाधिकाऱ्यांकडून लेखी घ्यावे. जवळच्या शहरातील दुसऱ्याच बँकेचा कोड देणे ही मात्र गंभीर चूक ठरते. कारण त्या बँकेत आपले खातेच नसते.

सहकारी व ग्रामीण बँकांच्या खातेदारांनी अधिक दक्ष राहावे. यांपैकी काही बँका स्वतः स्विफ्टच्या जाळ्यात नसतात आणि काहींचा देशांतर्गत व्यवहारही प्रायोजक बँकेच्या आयएफएससी कोडाद्वारे चालतो. अशा बँकेत परदेशी रक्कम स्वीकारता येते काय, येत असल्यास कोणत्या मध्यस्थ बँकेमार्फत, हे आधीच विचारून घ्यावे. सोय नसल्यास ज्या बँकेत ती आहे तेथे एक बचत खाते उघडणे हा सरळ मार्ग होय.

जुने पासबुक, जुना कोड

मराठवाड्यातील वाचकांसाठी हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. १९४१ साली हैदराबाद संस्थानात स्थापन झालेली हैदराबाद स्टेट बँक पुढे १९५६ साली 'स्टेट बँक ऑफ हैदराबाद' झाली आणि आपल्या भागातील असंख्य कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची बँक ठरली. १ एप्रिल २०१७ रोजी ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. तिच्या शाखांच्या आयएफएससी कोडातील 'एस बी एच वाय' ही पहिली चार अक्षरे गेली आणि त्यांच्या जागी 'एस बी आय एन' आली. जुनी पासबुके मात्र अनेक घरांतील पेटीत अद्याप जपून ठेवलेली आहेत.

त्यानंतरही अशी विलीनीकरणे झाली. देना बँक व विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदामध्ये गेल्या. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत, तर आंध्र बँक व कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत समाविष्ट झाल्या. महाराष्ट्रातील दोन ग्रामीण बँकांचे १ मे २०२५ रोजी एकत्रीकरण झाले. अशा बँकांचे जुने कोड काही काळ चालू ठेवून नंतर बंद केले जातात. म्हणून परदेशातील मुलांनी आपल्या भ्रमणध्वनीत सात-आठ वर्षांपूर्वी नोंदवून ठेवलेला कोड आजही खरा असेल, असे गृहीत धरू नये. नवे पासबुक किंवा नवी धनादेश पुस्तिका समोर ठेवूनच माहिती कळवावी.

आयबॅन विचारले तर?

युरोप व आखाती देशांतील बँकांच्या अर्जात 'आयबॅन' नावाचा एक रकाना असतो. हा देश, बँक व खाते एकत्र सांगणारा लांब क्रमांक आहे. संयुक्त अरब अमिरातीत तो २३ चिन्हांचा, सौदी अरेबियात २४ चिन्हांचा, तर कुवेतमध्ये ३० चिन्हांचा असतो. त्यातील दोन अंक केवळ पडताळणीसाठी असल्याने उतरविताना झालेली चूक संगणक तत्काळ ओळखतो.

भारतात आयबॅन पद्धती नाही. म्हणून आपल्याकडे आयबॅन मागितल्यास "भारतात आयबॅन नसतो, त्या ठिकाणी खाते क्रमांक लिहावा," असे कळवावे. कोणी संकेतस्थळावरून आपल्या खात्याचा आयबॅन 'तयार करून' देत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये. उलटपक्षी, आपण तिकडे पैसे पाठविताना, उदाहरणार्थ परदेशी शिकणाऱ्या मुलाच्या घरभाड्यासाठी, युरोपमधील घरमालकाचा आयबॅन आपल्याला लागेलच. अमेरिकेत आयबॅन चालत नाही. तेथे नऊ अंकी 'राउटिंग' क्रमांक लागतो.

नाव बरोबर असूनही पैसे चुकीच्या खात्यात

"नाव तर आईचेच लिहिले होते, मग पैसे दुसऱ्याकडे गेले कसे?" असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१० मध्ये स्पष्ट केले होते, की देशांतर्गत इलेक्ट्रॉनिक व्यवहारात रक्कम केवळ खाते क्रमांकाच्या आधारे जमा केली जाईल; नावाचा उपयोग केला जाणार नाही. रक्कम पाठविण्यापूर्वी खातेदाराचे नाव पडद्यावर पाहण्याची सोय आरटीजीएस व एनईएफटीसाठी १ एप्रिल २०२५ पर्यंत सुरू करण्याचे निर्देश रिझर्व्ह बँकेने दिले. तथापि परदेशातील विनिमयगृहात बसलेल्या मुलीला ती सोय मिळेलच असे नाही. तिच्या दृष्टीने खाते क्रमांकाचा प्रत्येक अंक हाच एकमेव आधार होय.

थेट स्विफ्टने आलेल्या रकमेत मात्र बँका सहसा नावही पडताळतात. पासबुकावर 'मारिया' आणि निरोपात 'मेरी' असे असेल, तर रक्कम थांबवून विचारणा होऊ शकते. आपल्या समाजात बाप्तिस्म्याचे नाव, घरचे नाव आणि शाळेतील नाव वेगवेगळे असण्याची उदाहरणे विरळ नाहीत. म्हणून बँकेत जे नाव ज्या स्पेलिंगने आहे, तेच जसेच्या तसे कळवावे.

स्पेलिंगचे महत्त्व किती, याचे जगप्रसिद्ध उदाहरण फेब्रुवारी २०१६ मधील आहे. चोरट्यांनी बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या नावाने खोटे स्विफ्ट संदेश पाठवून न्यूयॉर्कमधील तिच्या खात्यातून रकमा वळविल्या. ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपाइन्समध्ये गेले. श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी डॉलर मात्र वाचले. कारण संदेशात 'फाउंडेशन' या शब्दाचे स्पेलिंग चुकले होते आणि वाटेतील बँकेला शंका आली. तेथे अक्षरचूक उपकारक ठरली. परंतु आपल्या आईच्या औषधोपचाराची रक्कम तशाच चुकीमुळे अडकू नये.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला सायबर हल्ला आपल्याला अधिक जवळचा आहे. सुमारे ९४ कोटी रुपयांच्या या चोरीत बहुतांश रक्कम बनावट कार्डांद्वारे अनेक देशांतील यंत्रांतून काढली गेली आणि १३ कोटी ९२ लाख रुपये खोट्या स्विफ्ट संदेशांद्वारे हाँगकाँगमधील एका खात्यात पाठविले गेले. २०२३ साली पुण्यातील न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरविले. यातून एक गोष्ट पुन्हा स्पष्ट होते : प्रवास करतो तो निरोप, आणि निरोपावर विसंबूनच पैसा हलतो.

किती दिवस, किती खर्च?

कुवेतमधील बँक आणि आपली बँक यांचा थेट हिशेब नसेल, तर मधे एक किंवा दोन मध्यस्थ बँका येतात. प्रत्येक बँक आपले शुल्क घेऊ शकते. अर्जात शुल्काचे तीन पर्याय असतात : सर्व शुल्क पाठविणाऱ्याने सोसावे, दोघांनी वाटून घ्यावे किंवा मिळणाऱ्याच्या रकमेतून कापावे. इस्पितळाचे किंवा महाविद्यालयाचे देयक नेमक्या रकमेचे असेल, तर पहिला पर्याय निवडण्यास मुलांना सांगावे. चलनबदलाचा दर हा दुसरा छुपा खर्च, म्हणजे जुन्या भाषेत बट्टा. तो आधी विचारून घ्यावा.

सुट्ट्यांचाही विचार करावा. कुवेतमध्ये शुक्रवार व शनिवारी बँका बंद असतात, तर आपल्याकडे रविवारी आणि दुसऱ्या व चौथ्या शनिवारी. गुरुवारी सायंकाळी तिने रक्कम भरली, तर तेथील काम रविवारी सुरू होणार आणि आपल्याकडचे सोमवारी. तातडीच्या गरजेसाठी हे दिवस हिशेबात धरावेत.

रक्कम कशासाठी आली, हे सांगणारा उद्देश संकेतांकही बँक विचारते. परदेशस्थ भारतीयाने कुटुंबाच्या निर्वाहासाठी पाठविलेल्या रकमेसाठी तो 'पी १३०१' असा आहे. बँकेचा दूरध्वनी किंवा पत्र आल्यास टाळाटाळ न करता तत्काळ उत्तर द्यावे. अनेकदा रक्कम केवळ याच कारणाने थांबलेली असते.

चर्च व संस्थांसाठी निराळा नियम

हा भाग धर्मग्रामाच्या समित्यांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा. एखाद्या परदेशी हितचिंतकाने चर्चच्या दुरुस्तीसाठी किंवा वसतिगृहातील मुलांसाठी देणगी देऊ केली आणि "आपला स्विफ्ट कोड कळवा" असे लिहिले, तर धर्मग्रामाच्या नेहमीच्या खात्याचा तपशील पाठवू नये. परदेशी देणगी स्वीकारण्यासाठी २०१० च्या परकीय योगदान नियमन कायद्यानुसार नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी प्रत्येक देणगी प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील विशेष खात्यातच यावी लागते. म्हणजे वर ज्या शाखेचे दोन कोड आपण पाहिले, तीच ही शाखा. तेथून ती संस्थेच्या स्थानिक खात्यात वळविता येते. दुसऱ्या कोडावर आलेली देणगी, हेतू कितीही निर्मळ असला तरी, कायद्याचा भंग ठरते.

येथे एक बारकावा आहे. भारतीय पारपत्र धारण करणाऱ्या अनिवासी व्यक्तीने आपल्या वैयक्तिक बचतीतून रीतसर बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय योगदान मानली जात नाही. परंतु त्याच व्यक्तीने परदेशी नागरिकत्व स्वीकारले असेल, तर ती परकीय ठरते. मग ती व्यक्ती आपल्याच गावची का असेना. म्हणून देणगीदाराच्या पारपत्राची प्रत आधी मागवावी आणि धर्मप्रांताच्या हिशेबनिसांचा सल्ला घ्यावा. कुटुंबाला नातलगांकडून येणाऱ्या पैशाची गोष्ट वेगळी. परदेशी नागरिक असलेल्या नातलगाकडून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंतची रक्कम शासनास न कळविता स्वीकारता येते. त्याहून अधिक आल्यास ३ महिन्यांच्या आत कळवावे लागते.

चूक झालीच तर

रक्कम आठवडाभरात आली नाही, तर पाठविणाऱ्याने आपल्या बँकेकडून स्विफ्ट संदेशाची प्रत मागावी. अनेक वर्षे ती 'एमटी १०३' या नावाने ओळखली जात असे. नोव्हेंबर २०२५ पासून बँकांमधील अशा संदेशांसाठी नवी रचना लागू झाली आहे. त्या प्रतीत ३६ चिन्हांचा एक मागोवा क्रमांक असतो. तो आपल्या शाखेत दाखविला, की निरोप कोठे थांबला आहे हे बँकेला शोधता येते. खाते क्रमांक अस्तित्वातच नसेल, तर रक्कम बहुधा शुल्क कापून परत जाते. ती दुसऱ्या कोणाच्या खऱ्या खात्यात जमा झाली असेल, तर मात्र परत मिळविणे कठीण होते. म्हणून कळविण्यास एक दिवसही दवडू नये. बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. त्यासाठी १४४४८ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

आणखी एक सावधगिरी. स्विफ्ट कोड व आयएफएससी कोड ही गुपिते नाहीत. ती सर्वांना उपलब्ध असलेली माहिती आहे. पैसे मिळविण्यासाठी ओटीपी, कार्डाचा गुप्त क्रमांक किंवा पासवर्ड कधीही द्यावा लागत नाही. "परदेशातून तुमच्या नावे मोठी रक्कम आली आहे, ती सोडविण्यासाठी आधी शुल्क भरा," असे सांगणारा मनुष्य ठकच समजावा. फसवणूक झाल्याचे लक्षात येताच १९३० या क्रमांकावर कळवावे.

घरी एक कागद तयार ठेवावा

शेवटी एक साधी सूचना. एखाद्या निवांत दिवशी आपल्या शाखेत जाऊन पुढील माहिती एका कागदावर लिहून घ्यावी : खातेदाराचे बँकेतील पूर्ण नाव, संपूर्ण खाते क्रमांक, बँकेचे व शाखेचे नाव आणि पत्ता, आयएफएससी कोड, परदेशी रकमेसाठी वापरावयाचा स्विफ्ट कोड आणि लागत असल्यास मध्यस्थ बँकेचे नाव. त्यावर शाखेचा शिक्का घ्यावा, कागदाचे छायाचित्र परदेशातील मुलांना पाठवावे आणि मूळ कागद पासबुकात ठेवावा. पहिल्या वेळी लहानशी रक्कम मागवून ती जमा झाल्याची खात्री करावी. मोठी रक्कम त्यानंतर.

दूर देशी रात्रपाळी करणारी मुलगी जेव्हा आईसाठी पैसे धाडते, तेव्हा त्या आकड्यांमागे तिचे महिन्याचे श्रम असतात. ते श्रम योग्य दारी पोहोचावेत, यासाठी तिने आपले काम केलेले असते. बरोबर पत्ता कळविणे एवढेच आपल्याकडे उरते. तो पत्ता संकटाच्या दिवशी घाईत शोधण्यापेक्षा आजच लिहून ठेवावा, ही सर्व वाचकांना विनंती.